भिंतीचा वापसा

कान्हू गवंड्याला कुणी विचारलं की घर कधी होईल, तर तो आधी भिंतीकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि मग विचारणाऱ्याकडे. तारीख सांगत नाही. या सवयीपायी त्याची बरीच कामं हातची गेली.

लोणावळ्यात एका ठेकेदाराकडे त्याने अकरा वर्षं काढली. कामं बहुतेक बंगल्यांची. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत सप्टेंबरात रंगवायची, पुढच्या जूनमध्ये तिचे पोपडे सुटायचे, पुन्हा सप्टेंबर, पुन्हा रंग. ठेकेदाराचं त्यात काही बिघडत नव्हतं. एकदा कान्हूने एका मालकिणीला सरळ सांगितलं, "बाई, हिला दिवाळीपत्तुर उघडी ठिवा. मंग रंगवा." बाईंनी ऐकलं. त्या बंगल्याचं काम पुढची चार वर्षं निघालं नाही आणि ठेकेदाराने कान्हूला कोपरापासून हात जोडले.

तेव्हापासून तो स्वतःची कामं घेतो. वय पन्नाशीचं. राहतो डोंगरावरच्या वाडीत, जवळ दीड एकर जमीन, त्यात भात. बायको संगीता त्याच्याबरोबर कामावर असते. माल ती कालवते, आणि तिने नाक मुरडलं तर तो माल कान्हू भिंतीला लावत नाही.

यंदा जुलैच्या अखेरीस आंबीजवळच्या एका वस्तीत ओढ्याचं पाणी तुंबलं आणि खालच्या अंगाच्या सात घरांत शिरलं. त्यातलं एक घर शालूबाईंचं. अडीच फूट पाणी दीड दिवस घरात उभं होतं. ते ओसरल्यावर शालूबाई आणि त्यांचा मुलगा अतुल वरच्या आळीला दिराकडे राहायला गेले, देवही तिकडेच नेले. घरातला चिखल काढायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी कान्हू आला. त्याने छन्नी-हातोडा घेऊन भिंतींचा गिलावा छातीइतक्या उंचीपर्यंत उतरवायला सुरुवात केली.

"अरे, चांगला गिलावा कशाला पाडतोस?" शालूबाई ओरडल्या.

"चांगला दिसतोय, मावशी. आत समदं पानी हाय. कापड वल्लं झालं तर अंगावर ठिवून वाळवता का?"

शालूबाईंनी मग मनातलं सांगून टाकलं. त्यांची मुलगी पायल लोणावळ्याला दिलेली. तिला सहावा महिना लागला होता, डॉक्टरने नोव्हेंबरची अखेर सांगितली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. दवाखाना तळेगावचा असला तरी पुढचा सव्वा महिना आईच्या घरी. पायलच्या सासूने, आक्काबाईंनी, पूर कळल्यावर लगेच फोन केला होता: घराचं असं झालंय तर राहू द्या, आम्ही इकडेच करू. बोलणं गोड होतं, पण शालूबाईंना ते लागलं. लेक माहेराला आली नाही तर त्यांना ते जन्मभर सलणार होतं.

"ओलीच्या घरात बाळंतीण आनता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात हे व्हतंय का न्हाई, ते मला आज सांग. पोरीला झुलवत ठिवायची न्हाई मला."

कान्हूने भिंतीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"पानी एका राती शिरलं, मावशी. आता त्येला भाईर काडायचं तर वाऱ्यानं काडायचं. वारा काय आपला पगारी गडी हाय का?"

"मंजे कधी?"

"भिंतीला वापसा आला की."

शालूबाईंना एवढं पुरलं. पाऊस उघडला तरी शेतात लगेच औत घालत नाहीत. जादा पाणी मुरून जावं लागतं, माती पायाला चिकटेनाशी व्हावी लागते. ती वेळ म्हणजे वापसा, आणि ती शेतकऱ्याच्या हातात नसते. त्या दिवसापासून त्या घरात हा शब्द भिंतींसाठीच वापरला जाऊ लागला. शेजारची बाई विचारायची, "काय शालूबाई, आला का वापसा?" आणि शालूबाई म्हणायच्या, "कुटं येतोय मेला."

वापसा ओळखण्याची कान्हूची रीत साधी होती. संध्याकाळी तो आगपेटीतल्या दोन काड्या चिकटपट्टीने विटेला घट्ट लावून जायचा. सकाळी त्यातली एक घासायची. पेटली तर भिंत सुकली. गुल नुसताच खरडला तर अजून ओल आहे. ऑगस्टभर एकही काडी पेटली नाही. गणपतीत दिराच्या घरची आरती चालू असताना अतुल खाली जाऊन काडी घासून आला आणि मान हलवत परत आला. सप्टेंबरच्या शेवटाला स्वयंपाकघरातली पहिली काडी पेटली. ती खोली मागाहून बांधलेली, अर्ध्या विटेच्या भिंतींची, एक पायरी उंच आणि पश्चिमेचं ऊन खाणारी. माजघराच्या भिंती मात्र नऊ इंची. त्यातली उत्तरेची शेजाऱ्याच्या गोठ्याला लागून. तिच्यावर मिठासारखा पांढरा खार फुटत होता. संगीता तो दर दोन दिवसांनी कोरड्या झाडूने झाडायची. बाळंतिणीची खाट टाकायची होती ती नेमकी याच माजघरात.

अतुल आंबीच्या कारखान्यात लाइनवर होता. त्याचा सगळा दिवस मिनिटांवर चालायचा, आणि कान्हूचा हा कारभार त्याला झेपत नव्हता.

"कान्हूभाऊ, आमच्याकडं मशिन बंद पडली तरी किती वेळात चालू होणार ते बोर्डावर लिहावं लागतं."

"मग हितं बी एक बोर्ड लाव की. भिंतीला वाचता आलं तर बरंच हाय."

दसरा झाला. कान्हूने स्वयंपाकघराचा गिलावा पुरा केला, शालूबाई आणि अतुल तिथे राहायला-रांधायला परत आले, आणि कान्हू वाडीवर गेला, कारण त्याचं लवकर तयार होणारं हळवं भात काढून झालं होतं. रिकाम्या खाचरात मसूर पेरायचा होता. मधेच एक पाऊस पडून गेला. जाण्याआधी कान्हूने माजघराची काडी घासून पाहिली असेल असं धरून पाचव्या दिवशी अतुलने जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लावला. इकडे मशिनांचा आवाज, तिकडे डोंगरावरचा वारा.

"भाऊ, आला का वापसा?"

"आला की! झ्याक आला. पन मला पंधरा दिस यायला जमायचं न्हाई."

अतुलला आनंद झाला. भिंत तयार आहे आणि फक्त गवंडी मोकळा नाही, असं त्याने ऐकलं. त्याने तळेगावहून दोन कामगार आणले. एका दिवसात माजघराचा गिलावा झाला, तीन दिवसांनी पुट्टी, मग फिकट पिवळा रंग. शालूबाईंनी दारात रांगोळी काढली आणि पायलला फोन करून ये म्हणून सांगितलं.

कान्हू पेरणी उरकून आला तेव्हा रंगाला आठवडा झाला होता. गोठ्याकडच्या भिंतीवर पुरीएवढे फुगे आले होते. त्याने एकावर अंगठा दाबला. रंग, पुट्टी आणि खालचा ओला गिलावा असा सगळा थर हातात आला.

"ह्ये कुनी केलं?"

"तुम्हीच सांगितलंत ना!" अतुल म्हणाला. "मी फोनवर विचारलं, वापसा आला का. तुम्ही म्हणालात, झ्याक आला."

"आरं, मी खाचराचं म्हनालो! मी उभा कुटं हुतो? खाचरात!"

संगीताने पदर तोंडाला लावला. "मसूर हितं पेरला असता तर उगवला असता," ती म्हणाली, आणि शालूबाईंनाही हसू आवरेना. अतुल तेवढा लाल झाला.

कान्हूला मात्र आपलीही चूक दिसली. भिंतीला शेताचा शब्द त्यानेच चिकटवला होता. त्याने छन्नी काढली आणि नवा गिलावा उतरवायला बसला. ते काम तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्याने शालूबाईंना बोलावलं आणि पहिल्यांदा तारीख सांगितली.

"माजघर फाल्गुनात. त्येच्या आदी न्हाई."

शालूबाई उंबऱ्यावरच बसल्या. पायलचे कपडे भरून तयार होते. आता फोन करून काय सांगायचं?

"आक्काबाईंना सांगते," त्या म्हणाल्या. "करू द्या त्यांनाच."

"मावशी, सैपाकघर आज राहन्याजोगं हाय. चारी भिंती वाळल्यात. खाट मावती, पाळना बी मावतो."

"खुळा का तू? सैपाकघरात बाळंतीण? धा दिवस सोयर असतं. चुलीपाशी, देवापाशी जात न्हाईत, आन् तू तितं खाट टाक म्हन्तोस!"

कान्हूने जरा विचार केला. "देव कुटं हायत?"

"दिराकडं."

"मग ऱ्हायला गॅस. तो उचलून ओटीवर ठिवला तर आत काय उरलं? चार भिंती. त्यास्नी सैपाकघर कशापायी म्हनायचं?"

शालूबाई वरच्या आळीला जाऊन जावेशी बोलून आल्या. जाऊबाई म्हणाल्या, जिथं रांधत नाहीत ते स्वयंपाकघर कसलं. वस्तीतली आणखी एक म्हातारी म्हणाली की पूर्वी एका खोलीच्या घरात काय करत होते? पडदाच लावत होते ना. संध्याकाळी शालूबाई परत आल्या त्या अतुलला हाक मारतच.

"सिलिंडर उचल. ओटीवर घे."

मांडण्या, डबे, पाटा, गॅस, सगळं बाहेर आलं. कान्हूने स्वयंपाकघराच्या भिंतींना साधा चुना मारला, कारण तो आतली उरलीसुरली ओल अडवत नाही. खिडकीच्या गजांना संगीताने धुतलेलं लुगडं बांधलं. ओटीवर मात्र पंचाईत झाली. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आज भाजी काय म्हणून विचारी, आणि दोघे-तिघे चव घेऊनच पुढे जात.

पायल नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. माजघरातून जाताना उघड्या विटा पाहून ती थबकली. मग आतल्या खोलीत गेली, खाटेवर बसली आणि म्हणाली, "आई, इथं तुझ्या फोडणीचा वास अजून येतोय."

"सोयर सुरू व्हायच्या आत जाईल तो," शालूबाई म्हणाल्या.

बाविसाव्या तारखेला तळेगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. चौथ्या दिवशी दोघींना घरी आणलं. शेगडी, शेक, धुरी, सगळं त्या चुन्याच्या खोलीत झालं. कान्हू आणि संगीता पाचवीला आले. कान्हू बाळाकडे ओझरतं बघून खोलीच्या कोपऱ्याशी वाकला, खालच्या कडेला बोट फिरवून आला आणि मगच चहा घेतला.

बारशाला लोणावळ्याहून आक्काबाई आल्या. माजघराच्या विटा त्यांनी नीट पाहून घेतल्या. शालूबाई मागोमाग होत्या. आक्काबाई आत गेल्या, नातीजवळ खाटेवर टेकल्या, हळूहळू पाय वर घेतले.

"किती उबदार आहे हो ही खोली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं अजून गादी उन्हात टाकावी लागते."

त्या संध्याकाळच्या गाडीने परतणार होत्या. चार दिवस राहिल्या.