पेन्सिलीचा ठिपका

परवा जपानमध्ये, ग्योतोकुतल्या आमच्या घरी मुलीच्या पेन्सिलीला टोक करताना लाकडाचा वास आला आणि मी मनाने थेट क्योतोत, सरांच्या खोलीत जाऊन बसलो. २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतरचा पहिला हिवाळा होता. सरांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या ओमाहा-पोंका भाषेचे शब्द चाळीस वर्षं कार्डांवर गोळा केले होते. पुण्याहून पीएचडीला आलेला मी ती कार्डं कॉम्प्युटरवर टाइप करत होतो.

कार्डाच्या पुढे शब्द आणि अर्थ, मागे तो सांगणाऱ्याचं नाव. ते माणूस गेल्याचं कळलं की सर पेन्सिलीला टोक करून नावापुढे ठिपका द्यायचे. बिनठिपक्याची कार्डं शोधावी लागत.

त्या दिवशी 'मोठा भाऊ' हे कार्ड निघालं. त्या भाषेत मोठ्या भावासाठी बहिणीचा शब्द वेगळा, भावाचा वेगळा. हा बहिणीचा होता. सांगणाऱ्या आजी नुकत्याच गेल्या होत्या. सरांनी ठिपका दिला.

"सर, शब्द तरी टिकला," मी उत्साहाने म्हणालो.

"माझी धाकटी बहीण समुद्राकाठी राहायची," सर म्हणाले. "ती मला जी हाक मारायची, तो शब्द जपानच्या प्रत्येक डिक्शनरीत आहे. मार्चपासून मला तशी हाक कुणी मारलेली नाही."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

गेल्या वर्षी माझी एकुलती एक बहीण, नीता, गेली.

परवा टोक करून झालं तरी पेन्सिल माझ्याच हातात होती, मुलगी ती जपानीत मागत होती. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर 'दादा' लिहिलं, मागे 'नीता' लिहिलं, आणि नावापुढे ठिपका दिला.