शिडी माळ्यावर ठेवणारी शिवलीला

सोलापूरच्या भवानी पेठेत शिवलीलाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, आत दोन माणसं असली की तिसऱ्याने पायरीवरून बोलायचं आणि चौथ्याने उद्या यायचं. दारावर पाटी आहे: 'येथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करून मिळतील. बदलून मिळणार नाहीत.' जगात पाट्या गिऱ्हाईक बोलावण्यासाठी लावतात. ही भांडण बोलावण्यासाठी लावलेली आहे, आणि ते रोज येतं.

शिवलीलाचं वय एकेचाळीस, अंगकाठी बेताची, आवाज मात्र यंत्रमागांच्या शेडमध्ये वाढलेला. लहानपणापासून खडखडाटावर मात करून बोललेल्या माणसाला कुजबुजता येत नाही. ती कुणाला गुपित सांगायला लागली की समोरचा किराणावाला मान डोलावतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर ती टीव्ही दुरुस्त करायची. पुढे टीव्ही चपटे झाले, लोक ते दुरुस्त करण्याऐवजी फेकू लागले आणि शिवलीलाला राग आला. तो अजून उतरलेला नाही. दुकान त्या रागावरच चालतं.

आता ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जकार्ड मागांचे कंट्रोलर दुरुस्त करते. टॉवेलवर मोर विणायचा तर कुठला धागा केव्हा उचलायचा, हे मागाला सांगणारा एक हिरवा डबा असतो, तो कंट्रोलर. सिद्रामप्पांच्या कारखान्यात असे आठ माग आणि आठ डबे, सगळे एकाच जुन्या मॉडेलचे.

एप्रिलातल्या एका सोमवारी त्यातला एक डबा बंद पडला. वीज गेली तरी नक्षी लक्षात ठेवणारी आतली फ्लॅश मेमरीची चिप पंधरा वर्षं मोर लक्षात ठेवून थकली होती. डीलरकडून अनिलकुमार आला. शर्टाला अशी इस्त्री की त्या उन्हात बघणाऱ्यालाच घाम फुटावा.

"सर, या मॉडेलचं आयुष्य संपलंय," तो म्हणाला. "आज एक गेलं, उद्या सात जातील. आठही बदलून टाका. जुने एक्स्चेंजमध्ये आम्ही नेऊ. शनिवारी ट्रक येईल, तुम्ही फक्त सही करा."

सिद्रामप्पा म्हणजे लग्नपत्रिकासुद्धा दोनदा वाचून हातात घेणारा माणूस. त्यांनी पेन खिशातच ठेवलं आणि शिवलीलाला फोन लावला. ती स्कूटरवरून आली ती दारापासून बोलतच.

"चिप मेली म्हणून डबा फेकायचा? दात पडला म्हणून माणूस जाळता काय तुमी, साहेब?"

"मॅडम, ती चिप आता बनतच नाही."

"दुसऱ्या कंपनीची बनती की. पाय तितकेच हायेत."

"पाय असतील. पण आमचं सॉफ्टवेअर तिला ओळखणार नाही. सपोर्टच नाही."

"मग वळख करून देऊ." ती सिद्रामप्पांकडे वळली. "अप्पा, शनिवारपर्यंत सही करू नका. हा डबा चालू करून दाखवते. न्हाय झाला, तर आठच्या आठ मीच ट्रकात चढवते. हमाली न घेता."

फुशारकी मोठी होती, आणि तिच्यामागे भीती तेवढीच मोठी होती. सिद्रामप्पांनी डबे बदलले की शेजारचे कारखानदार बदलणार, हे एमआयडीसीत पोराटोरांनाही ठाऊक. आणि शिवलीलाकडे येणारं निम्म्याहून जास्त काम याच मॉडेलचं. शनिवारी ट्रक भरून गेला असता, तर त्यातून तिचं दुकानही गेलं असतं. पाटी तेवढी मागे उरली असती.

नवी चिप बसवणं हा तिच्या डाव्या हाताचा मळ. गरम हवेने जुनी उचलली, नवी ठेवली, शेजारच्या चालू डब्यातल्या फाइली आणि नक्ष्या तिच्यात उतरवल्या, दुपारच्या चहाच्या आत काम झालं. खरी गोम पुढे होती. डब्यात लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालते आणि लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला चिपशी थेट बोलता येत नाही, मधे ड्रायव्हर लागतो. सोलापूरकराला हे समजावायला वेळ लागू नये. मालक घरात कानडी बोलतो, बाजारात मराठी, विणकर तेलुगू बोलतो, मिस्त्री दखनी. तरीही टॉवेल सरळ निघतो, कारण प्रत्येक शेडमध्ये सगळ्यांचं सगळ्यांना सांगणारा एक माणूस असतो. तोच ड्रायव्हर. डब्यातल्या ड्रायव्हरला फक्त जुन्या चिपची बोली येत होती.

कर्नलचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, शिवलीलाने आदल्याच वर्षी कंपनीकडून उकळला होता. लिनक्सचा परवानाच असा आहे की डबा विकणाऱ्याने तो गिऱ्हाइकाला मागितल्यावर द्यावाच लागतो. सिद्रामप्पांच्या नावाने तिने अकरा पत्रं पाठवली होती. पहिल्यात 'नम्र विनंती' होती, अकराव्यात नुसता परवान्याचा कलम क्रमांक.

त्या सोर्समध्ये नव्या चिपचा ड्रायव्हर तयार पडला होता! कंपनीने तो निवडलाच नव्हता, एवढंच. कर्नल बांधण्याआधी एक निळी यादी उघडते आणि शेकडो गोष्टी विचारते: हे हवं का, ते हवं का? उत्तरं तीन. चांदणी दिली की ती गोष्ट कर्नलच्या पोटात जाते. 'एम' दिला की ती बाहेर फाइलींमध्ये राहते, गरज पडली की कर्नल तिला हाक मारतो. रिकामं सोडलं की नकोच.

शिवलीलाने यादी वाचायला घेतली आणि तिचा पारा चढला. टॉवेलच्या मागात कंपनीने काय काय भरलं होतं! गाणी वाजवायची सोय. वेबकॅमची सोय. व्हिडिओ गेमच्या दांड्याची सोय. "कोण खेळणार हाय रं मोरासंगं?" ती लॅपटॉपला म्हणाली. पलीकडे किराणावाल्याने मान डोलावली.

हे सगळं काढणं भागच होतं. कर्नल ठेवायला डब्यात वेगळी, अगदी इवलीशी जागा असते आणि नवा ड्रायव्हर घालताच तो तिथे मावेना. मग शिवलीलातली भवानी पेठ जागी झाली. दहा बाय बाराच्या खोलीत संसार करणाऱ्यांचा एकच धर्म: रोज लागत नाही ते माळ्यावर. तिने सपासप 'एम' द्यायला सुरुवात केली. हे माळ्यावर, ते माळ्यावर, आणि त्या झपाट्यात चिपचा ड्रायव्हरही माळ्यावर. कर्नल सडपातळ झाला, जागेत बसला.

गुरुवारी तिने डबा चालू केला. पडद्यावर कंपनीचा लोगो झळकला, अक्षरं धावली, थांबली. कर्नलला फाइली ठेवलेली जागाच सापडत नव्हती आणि तो घाबरला होता. हे माझं म्हणणं नाही, कर्नल तशा वेळी स्वतःच इंग्रजीत तसं लिहितो. तिने चिप पुन्हा बसवली. कर्नल पुन्हा घाबरला. सात वेळा सुरू केला, सातही वेळा घाबरला. इतका भित्रा जीव कारखान्याला जुंपायचा कसा?

शुक्रवारी दुपारी ती जेवायला घरी गेली. भाकरीचा तुकडा आमटीत बुडाला तो तिथेच राहिला. तिची आई शिवम्मा बहात्तर वर्षांची, मागावर पन्नास वर्षं काढलेली.

"काय झालं गं?"

"तुला न्हाय कळायचं, अव्वा."

"सुम्म कूड!" म्हणजे गप बस. "सांग आधी. मग कळलं का न्हाय ते मी सांगते."

शिवलीलाने सांगितलं. नक्षी आणि फाइली चिपमध्ये असतात. चिपपाशी जायला ड्रायव्हर लागतो. जागा नव्हती म्हणून ड्रायव्हर बाहेर ठेवला.

"भाईर म्हंजे कुटं?"

"फाइलींत."

"आन् फाइली कुटं?"

"चिपमध्ये."

शिवम्माने हातातली भाकरी खाली ठेवली आणि मुलीकडे असं पाहिलं, जसं वीस वर्षांपूर्वी डिप्लोमाच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं.

"म्हंजे शिडी माळ्यावर ठिवलीस की गं! आता चढतीस कशी?"

शिवलीला हात न धुताच उठली.

दुकानात जाऊन तिने ड्रायव्हरसमोर चांदणी दिली. ड्रायव्हर कर्नलच्या पोटात गेला. आणि अर्थातच पोट वाढलं. जागेपेक्षा कर्नल जरासाच मोठा झाला, पण न बसणाऱ्या झाकणाला जरासं काय आणि बरंच काय. आता काढायला उरलंच नव्हतं काही. तिने यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली आणि एका ओळीवर थांबली. डबा सुरू होताना दिसणारं चित्र, म्हणजे कंपनीचा लोगो. तिने ती ओळ रिकामी सोडली. आयुष्यात कुठली ओळ इतक्या आनंदाने कुणी रिकामी सोडली नसेल.

शनिवारी सकाळी नऊला ट्रक शेडच्या दारात लागला. ट्रकचा ड्रायव्हर धुळा केबिनमध्ये बसून होता. अनिलकुमार कागद घेऊन आत आला. सिद्रामप्पांनी पेन काढलं होतं, पण टोपण काढलं नव्हतं. बंद पडलेल्या मागापाशी बाकीच्या सात मागांचे विणकर जमले होते. शिवलीलाने डबा जोडला, बटण दाबलं.

पडदा काळा.

"बघा, काही नाही," अनिलकुमार म्हणाला. "आमचा लोगोसुद्धा आला नाही."

"तो येनार न्हाय, साहेब. काढला."

"लोगो काढला?"

"मोर पायजे होता. दोघं बसत नव्हते."

विणकरांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवली. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली. गुरुवारी थांबली होती त्या जागी आली, तिथे क्षणभर अडखळली. शिवलीलाने ओठ चावला. अक्षरं पुढे गेली. नक्ष्यांची यादी उघडली. सिद्रामप्पांनी स्वतः मोर निवडला आणि माग सुरू केला. पाय आले, पोट आलं, मान आली. तुरा येईपर्यंत सगळी माणसं टॉवेलकडे अशी बघत होती, जणू मोर खरंच ओरडणार आहे.

"एक झाला," सिद्रामप्पा म्हणाले. "बाकीच्या सातांचं काय, ताई? ते मरतील तेव्हा?"

"आताच चिपा मागवून ठिवते की." तिने तिथूनच चिपवाल्याला फोन लावला. तिचा फोन स्पीकरवर नसला तरी असल्यासारखाच असतो.

"ती चिप? ती बंद झाली, ताई. एकच होती, तुमाला दिली. आता तिसऱ्याच कंपनीची येती."

अनिलकुमारने बॅगेत भरलेला कागद परत बाहेर काढला. त्याच्या चेहऱ्यावर आठवड्यात प्रथमच खरा आनंद दिसला. "मॅडम, त्या तिसरीचा ड्रायव्हर आहे तुमच्या यादीत?"

"न्हाय."

"मग काय करणार?"

"लिहिनार."

"तुम्ही? ड्रायव्हर लिहिणार?"

"का? दुसरा ड्रायव्हर बघून लिहिनार. चुकंल. परत लिहिनार. सात डबे अजून चालू हायेत, तवर मला येळ हाय." ती कंट्रोलरचं झाकण लावायला लागली. "आन् तुमच्या कंपनीला काई आडलं, तर या की भवानी पेठेत. पायरीवरनं बोलावं लागंल, एवढंच."

सिद्रामप्पा विणल्या जाणाऱ्या टॉवेलकडे बघत होते. तिसरी चिप कुणाची, तिचा ड्रायव्हर कसा, यातलं त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्यांनी पेन खिशात टाकलं आणि दाराकडे तोंड करून हाक दिली, "धुळा, रिकामाच ट्रक काढ रं. आमचा टॉवेलचा टेम्पो लावायचा हाय."