पाच बिनउष्टी डाळिंबं

साळूबाईनं सिद्धनाथाला नवस बोलताना जरा घाई केली. म्हैस पोट फुगून आडवी पडली होती. नवरा बिराप्पा तिच्या पोटाला तेल चोळत बसला होता. परसातल्या डाळिंबाला नुकतीच पहिली फुलं धरली होती, त्यांच्याकडं पाहत ती म्हणाली, "नाथा, म्हस उठू दे. ह्या झाडाची पाच डाळिंबं रथाच्या दिवशी तुज्या पायावर घालीन. तवर दूध, दही, ताक, तूप तोंडाला लावणार न्हाई."

म्हैस दुसऱ्या दिवशी उठली. त्यानंतर ती दोनदा व्याली. नवस मात्र तीन वर्षं झाली तरी तसाच होता, कारण झाडावर राघू येत. राघूनं चोच लावलेलं फळ उष्टं, आणि उष्टं फळ देवाला चालत नाही. दरवर्षी मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघायचा तेव्हा साळूबाईच्या झाडावर टरफलं लोंबत असायची. घरात बिराप्पा भाकरी दह्यात कुस्करायचा आणि साळूबाई समोर बसून कोरड्या भाकरीशी मिरचीचा ठेचा खायची.

"पाच म्हणायची काय गरज हुती?" बिराप्पा विचारायचा. "एक म्हणायचं."

"म्हस काय एक पाय हलवून उठली व्हती का?"

तिनं सगळे उपाय करून पाहिले होते. पहिल्या वर्षी बुजगावणं उभं केलं. राघू त्याच्या खांद्यावर बसून डाळिंब सोलू लागले. दुसऱ्या वर्षी फांद्यांना बोरीच्या काट्या बांधल्या. फाटलं ते फक्त तिचं लुगडं. तिसऱ्या वर्षी प्रत्येक फळाला चिंधी गुंडाळली. लढाईमुळं कापड मिळत नव्हतं, म्हणून ती बिराप्पाच्या पटक्यातून हातहात कापत गेली. राघूंनी चिंध्या फाडल्या, आणि बिराप्पा वर्षभर डोक्याला दोनच वेढे घेऊन बाजारात हिंडला.

१९४४ साली मात्र लढाई तिच्या कामाला आली. गिरणीवाल्या नानासोंच्या इंजिनाला तेल मिळेना. श्रावणात गिरणी बंद पडली आणि आळीतल्या बायकांनी कोपऱ्यात लोटलेली जाती पुन्हा ओढली. सहा वर्षं टाकी न लावल्यानं गुळगुळीत झालेली ती जाती पिठाऐवजी भरडा पाडू लागली. साळूबाईनं मात्र उन्हाळ्यातच एका वडाराकडून आपल्या जात्याला टाकी लावून घेतली होती. ती आळीभर सांगत सुटली, "माज्याकडं या की दळायला. पोरं बी आणा. झोळी टांगून ठेवलीया."

झोळी कशाला, हे कुणी विचारलं नाही. साळूबाईची एकुलती लेक लग्न होऊन फलटणकडं गेली त्याला पाच वर्षं झाली होती. आळीत त्या साली तान्ही पोरं चार होती. बायकांना बरंच वाटलं. वेळा तेवढ्या साळूबाईनं ठरवून दिल्या. पहाटे नको, बिराप्पाची झोप मोडते. ऊन वर आल्यावर एक पाळी, आणि दिवस कलल्यावर दुसरी. राघू यायचेही नेमके तेव्हाच.

दळणारी बाई जात्याशी बसायची, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून पोराला झोके द्यायची. झोळीला मागच्या बाजूनं आणखी एक दोरी होती. ती भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर जाऊन डाळिंबावर टांगलेल्या रॉकेलच्या रिकाम्या डब्याला बांधलेली होती. डब्यात मोडका फाळ लोंबत होता. झोळी हलली की डबा हलायचा, खडांग्-खडांग् व्हायचं आणि राघू उडायचे.

"तुज्या परसात वारं लय हाय गं," जात्याशी बसलेली हरणाबाई म्हणाली.

"म्हसवडकडनं येतं," साळूबाई म्हणाली.

असे दोन महिने गेले. दिवाळी झाली. झाडावर अकरा डाळिंबं होती, एकालाही चोच नव्हती. रोज सकाळी ती मोजायची आणि मग दह्याच्या गाडग्याकडं बघायची.

तिची धाकटी जाऊ रंगूबाई एकदा कोंडा टाकायला मागं गेली. तिथं वारा नव्हता आणि डबा वाजत होता. तिनं दोरी पाहिली, दोरीच्या मागं मागं झरोक्यापर्यंत आली आणि आत डोकावली. झोळीत तिचा धुळा झोपला होता.

"आक्का!" ती आत येऊन कडाडली. "राघू हाकायला माजं पोरगं लावलंसा व्हय?"

"त्येला काय त्रास हाय? झोपतंय की."

"आन आमी येड्यावाणी पाय हलवतूय! तुमचं जातं फुकाट न्हाई, तुमी आमाला राखणीला ठिवलंय!"

हरणाबाईनं दळण अर्धं टाकून पदर झटकला. त्याच आठवड्यात नानासोंना कुठून तरी तेल मिळालं आणि गिरणी पुकपुकू लागली. जात्याशी कुणी फिरकेना. रथाला दहा दिवस उरले होते.

साळूबाई दोन दिवस स्वतः दोरी ओढत बसली. तिसऱ्या दिवशी बिराप्पानं शेतातून निरोप पाठवला, की बाजरी एकट्यानं निघत नाही. संध्याकाळी ती परतली तेव्हा तीन डाळिंबं उघडी पडली होती. चौथ्या दिवशी आणखी दोन. उरली सहा. त्या सांजेला ती कोरडी भाकरी पुढ्यात घेऊन बसली, पण खाल्ली नाही.

पाचव्या दिवशी ऊन वर आलं तशी रंगूबाई दारात उभी राहिली. कडेवर धुळा होता, दोघांचेही डोळे लाल.

"ह्ये झोपंना," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

"दुसरं काय झालं असंल. ववा दे."

"ववा दिला. डबा पायजे त्येला. घरात डबा वाजवून बघितला तर मामंजी काठी घिऊन उठलं. हरणीचं बी तसंच, बनूचं बी तसंच. समदी आळी जागी हाय."

साळूबाईला हसू आलं. ते तिनं पदरात धरलं आणि सावकाश म्हणाली, "आता मी काय करू? माजी तर बाजरी चाललीया."

"आक्का, लय ताणू नगा."

"ताणत न्हाई. उन्हं आल्यावर यायचं, दुपारी घरी, दिवस कलला की परत, अंधार पडंपतोर. एक पोरगं उठलं की दुसरं घालायचं. झोळी रिकामी ऱ्हाता कामा न्हाई."

"दळण न्हाई तरी?"

"दळण न्हाई तरी."

रंगूबाईनं धुळ्याला झोळीत घातलं आणि दोरी अंगठ्यात अडकवली. परसात खडांग् वाजलं. पोरानं एक जांभई दिली आणि डोळे मिटले. "डब्याचं पोर हायस मेल्या," रंगूबाई म्हणाली आणि आणखी जोरात पाय हलवू लागली.

रथाच्या आदल्या दिवशी सहातलं एक डाळिंब आपणहून उकललं. साळूबाईनं ते राघूंना सोडलं आणि उरलेली पाच धुऊन पुसून टोपलीत ठेवली. म्हसवडला पुजाऱ्यानं ती देवापुढं ठेवली, एक फोडलं आणि अर्धं परत दिलं. तिनं तिथंच दाणे तोंडात टाकले. झाड लावल्यापासून ती त्याचं फळ पहिल्यांदाच खात होती. ते चिंचेसारखं आंबट होतं. बिराप्पानं चार दाणे चावले आणि देवाकडं दिलगिरीनं पाहिलं.

"गप," साळूबाई म्हणाली. "गोड घालीन म्हणून बोलले नव्हते."

घरी येऊन तिनं दह्याचं गाडगं पुढ्यात ओढलं. पहिला घास तोंडाशी नेला तोच दारात रंगूबाई आली, कडेवर धुळा, मागं हरणाबाई, तिच्याही कडेवर पोर.

"आगं, नवस फिटला. झाडावर काय ऱ्हायलं न्हाई आता."

"आमचं न्हाई फिटलं," रंगूबाई म्हणाली, आणि धुळ्याला झोळीत घालून दोरीचं टोक साळूबाईच्या अंगठ्यात अडकवलं. "हलवा."

साळूबाईनं दही खाता खाता पाय हलवला. बाहेर डबा वाजला, आणि रिकाम्या झाडावरून दोन राघू उडाले.