शामण्णाच्या गाडीतला जनरेटर

शामसुंदर माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मैसूरला नजरबादच्या आमच्या गल्लीत त्याला सगळे शामण्णा म्हणतात. आमची दोघांचीही घराणी रंगाऱ्यांची. आजोबांच्या काळापर्यंत कापडावर छाप मारायचं काम चालायचं. आता गल्लीत कुणाच्या बोटाला रंग लागत नाही. मी शाळेत मास्तर झालो आणि शामण्णा बेळगोळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. छत्तीस वर्षं तिथले जनरेटर त्याच्या ताब्यात होते. बाहेरचा करंट गेला की बारा सेकंदांत कारखाना पुन्हा सुरू व्हायचा, आणि ते बारा सेकंदसुद्धा त्याला जास्त वाटायचे.

त्याच्या बायकोला, अन्नपूर्णावहिनींना, दमा आहे. दिवसातून तीन-चार वेळा मशीन लावून तोंडावर मास्क धरून औषधाची वाफ घ्यावी लागते. त्यांची थोरली बहीण कृष्णवेणीअक्का धारवाडच्या पलीकडे, हल्याळला राहायची. आई लहानपणीच गेल्यामुळे अक्कानंच वहिनींना वाढवलं होतं. दर वर्षी दोघी भेटायच्या. मग एका वर्षी हल्याळला जाताना रेल्वेत वहिनींना दम्याचा झटका आला. शामण्णानं मशीन काढलं, प्लग लावला, तर डब्यातल्या सॉकेटला करंटच नाही. तीन डबे धुंडाळून चौथ्यात करंट मिळेपर्यंत वहिनींचे ओठ निळे पडले होते. त्या दिवसापासून शामण्णानं ठरवलं, दुसऱ्याच्या करंटवर भरवसा ठेवून बायकोला प्रवासाला न्यायचं नाही. आणि वहिनींचं हल्याळ तुटलं.

निवृत्त झाल्यावर त्यानं एका शाळेची जुनी व्हॅन घेतली. तिचं फिरतं घर करायचं होतं. हूटगळ्ळीला पुनीत नावाच्या माणसाची गाड्यांची बॉडी बांधायची शेड आहे, तिथं काम सुरू झालं. आत पलंग, छोटं बेसिन, औषधांसाठी फ्रिज आणि धूळ-धूर आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवून चालणारा एसी. तीन महिन्यांत हे सगळं झालं. राहिला फक्त जनरेटर.

पुनीत शहाणा माणूस. मी हजर असतानाच तो म्हणाला, "सार, बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवू या. अम्मांचं मशीन आरामात चालेल. आठ दिवसांत गाडी घेऊन जा."

"आणि बॅटरी उतरली तर?"

"तर कुठल्याही हॉटेलपाशी थांबायचं, सार."

शामण्णानं मान हलवली. "थांबून मागायचं असतं तर गाडी कशाला बांधली असती?"

मग तो माझ्याकडे वळला. "काय मास्तर?"

मी म्हणालो, "काम तुझं आहे, घाई करू नकोस." हे माझे शब्द. अजून आठवतात.

त्यानं वहीत हिशेब मांडला. मशीनला किती वॉट, फ्रिजला किती, आणि एसी सुरू होताना पहिला झटका किती खेचतो. गाडी डिझेलची, म्हणून जनरेटरही डिझेलचा घेतला, एकाच टाकीवर दोन्ही चालतील असा. मागच्या चाकाच्या पाठीमागं पोटाशी लोखंडी चौकट जोडून तो बसवला. पहिल्या चाचणीला मी गेलो होतो. जनरेटर सुरू झाला आणि पलंग थरथरायला लागला, बेसिनमधला स्टीलचा पेला आपोआप सरकत खाली पडला. शिवाय वारा फिरला की धूर मागच्या खिडकीच्या फटीतून आत यायचा. विषारी वायूची सूचना देणारी एक डबी शामण्णानं छताला लावली होती, ती किंचाळायला लागली.

"दम्याच्या माणसाला यात झोपवू?" असं म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी तो उतरवला. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

दुसरा पेट्रोलचा घेतला. हलका, कमी आवाजाचा. त्याच्यासाठी गाडीच्या बाजूला वेगळा कप्पा कापला, आतून उष्णता अडवणारा पत्रा मारला, धुराचा पाइप दाराच्या विरुद्ध बाजूनं टपाच्या वर नेला. मग कप्प्यात हवा कमी पडते म्हणून जाळी वाढवली. जाळी वाढवली म्हणून आवाज वाढला. आवाज वाढला म्हणून जनरेटरखालचे, थरथर शोषणारे रबर बदलायला काढले. एकेका गोष्टीला महिना जात होता. शामण्णा रोज सकाळी बसनं हूटगळ्ळीला जायचा आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परतायचा. तो आनंदात होता, हेही सांगायला हवं. कारखाना सुटल्यावर त्याला पुन्हा एक काम मिळालं होतं.

दर रविवारी अक्काचा फोन यायचा. वहिनी स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. "कधी येतेस गं?" एवढंच ती विचारायची, आणि शामण्णा मागून ओरडून सांगायचा, "अक्का, थेट दारात आणून सोडतो! थोडंच राहिलंय!"

असं दीड वर्ष गेलं.

यंदाच्या फेब्रुवारीत अक्कानं अंथरूण धरलं. तिची मुलगी काव्या हिचा फोन आला, "मावशी, आई फार थकलीय. येऊन जा." त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. वहिनींनी फोन ठेवला आणि शामण्णासमोर उभ्या राहिल्या.

"गाडी आहे तशी काढा. नाहीतर टॅक्सी करू."

"अगं, शनिवारी रबर बसतायत. रविवारी पहाटे निघू. चारच दिवस."

"साकु हो तुमचं ते रबर! पुरे झालं! मला एसी नको, काही नको. खिडकी उघडी ठेवून जाईन मी."

"आणि वाटेत दम लागला तर? ती रेल्वे विसरलीस?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा, म्हणून मी चहाचा कप उचलला.

शुक्रवारी सकाळी सहाला काव्याचा फोन आला. अक्का गेली होती.

शामण्णा रिक्षानं हूटगळ्ळीला गेला, पुनीतला झोपेतून उठवलं. जनरेटर शेडच्या जमिनीवर सुटा पडलेला होता. त्याच्या रिकाम्या कप्प्यावर पुनीतनं प्लायवूडचा तुकडा ठोकून दिला, आणि आठला आम्ही तिघं निघालो. चालवायला शामण्णा, पलंगावर वहिनी, सोबतीला मी. गाडीत करंट देणारं काहीही नव्हतं.

चित्रदुर्गच्या अलीकडे वहिनींना धाप लागली. शामण्णानं रस्त्याकडेच्या एका खानावळीसमोर गाडी थांबवली. मी आत जाऊन मालकाला सांगितलं, तर त्यानं लगेच गल्ल्यामागच्या मिक्सरचा प्लग काढला, खुर्ची दिली, पंखा वहिनींकडे वळवला. पंधरा मिनिटांत वाफ घेऊन झाली. मालकाच्या बायकोनं गरम पाणी आणून दिलं आणि विचारलं, "अम्मा, कुठं निघालात?" वहिनी म्हणाल्या, "अक्काकडे."

हावेरीला एका पेट्रोल पंपाच्या ऑफिसात तसंच. तिथल्या माणसानं तर विचारलंसुद्धा नाही. गाडीत परत चढताना शामण्णा क्षणभर पायरीवर थांबला. म्हणाला, "मास्तर, एवढंच होतं की रे."

हल्याळला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. दुपारी चारलाच अंत्यविधी आटोपला होता. दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत, आणि सकाळपर्यंत थांबायला घरातली मोठी माणसं तयार नव्हती. काव्यानं वहिनींना आतल्या खोलीत नेलं. पलंगावरची गादी काढून टाकलेली. शेजारच्या भिंतीवर प्लगची जागा होती, आणि तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली.

"आईनं लावायला सांगितलं होतं," काव्या म्हणाली. "यात कुणी मोबाइल लावायचा नाही म्हणायची. मावशी आली की तिच्या मशीनला लागेल. दोन महिने कुणाला हात लावू दिला नाही तिनं."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि जमिनीवर बसल्या. शामण्णा दाराबाहेरूनच मागं फिरला. त्या रात्री तो जेवला नाही.

मैसूरला परतल्यावर महिनाभरानं त्यानं जनरेटर बसवला. अर्धवट काम ठेवणं त्याच्या स्वभावात नाही. चाचणीसाठी गाडी गल्लीत आणली. एसी, फ्रिज, सगळे दिवे एकदम लावले. आत बसून मला जनरेटरचा आवाज शोधावा लागला. पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. असं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. शामण्णानं घराच्या दिशेनं हाक मारली, "अगं, बघायला ये की!" वहिनी स्वयंपाकघरात होत्या. कुकरची शिट्टी झाली, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यांच्यात भांडण झालं नाही. उन्हाळ्यात एकदा अंगणात बसलो असताना वहिनी सहज म्हणाल्या, "तुम्ही सगळं माझ्यासाठीच केलंत, ते मला कळतं. पण काय हवंय ते मला एकदाही विचारलं नाहीत." शामण्णा म्हणाला, "हौदु. हो." मीही त्या दिवशीच्या माझ्या चहाच्या कपाबद्दल बोलायला हवं होतं. राहूनच गेलं.

गाडी त्यानंतर कुठं गेली नाही. दसऱ्याच्या आधी त्यानं ती विकायला काढली. बेंगळुरूहून प्राणेश नावाचा एक तरुण बायकोला घेऊन आला. शामण्णानं दोन तास सगळं समजावून सांगितलं: तेल कधी बदलायचं, एसी कधी चालू करायचा, डबी किंचाळली तर आधी दार उघडायचं. प्राणेश मोबाइलवर टिपून घेत होता. त्याची बायको बाजूला उभी होती.

शामण्णा तिला म्हणाला, "तुला कुठं जायचंय, पोरी?"

ती दचकली. तिला कुणी विचारेल असं वाटलं नसावं. मग म्हणाली, "आजीकडे, अंकल. कुंदापूरला. यांनी कबूल केलंय, सोलर पॅनल बसले की जाऊ."

शामण्णा गाडीकडे बघत राहिला. मग प्राणेशकडे वळून म्हणाला, "ते पॅनल नंतर बसव." प्राणेश हसला. मोठ्या माणसाचं बोलणं म्हणून मान डोलावली आणि चावी घेतली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी शामण्णा फाटकातच उभा होता, त्या पोरीचं नावसुद्धा विचारायचं राहिलं म्हणून हळहळत.