राखणदाराचा चिरूट

सहदेव परबाला बिडी सोडून चार वर्षं झाली होती. यात त्याच्या मनोनिग्रहाचा काही संबंध नव्हता. बायको जानकी टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा घाबरून त्याने गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं होतं : हिला उठव, मी तंबाखू तोंडाला लावणार नाही, वर तुला एक चिरूट देईन. जानकी उठली, बिडी सुटली. चिरूट तेवढा राहिला, कारण गिरणी बंद पडल्यापासून गावी जाणंच झालं नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात शेजारचा जयवंत बोटीवरून रजेवर आला आणि जानकीच्या हातात एक क्युबाचा चिरूट ठेवून गेला. चांगला वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. असला चिरूट विक्रोळीत कोणी पाहिला नव्हता.

रविवारी दुपारी दोघं चाळीमागच्या पिंपळाखाली गेली. गाव लांब असलं तरी राखणदाराला पत्ता लागतो, असं जानकीचं म्हणणं. तिने चिरुटाचं टोक घरूनच विळीवर कापून आणलं होतं. सहदेवने तो दगडावर ठेवून काडी लावली. अर्धी पेटी संपली. टोक नुसतं काळं झालं.

"ओढल्याबिगर पेटाचो नाय," तो म्हणाला.

"मगे ओढा."

"गो, शबूद दिलाहा मी." त्याला खरंच भीती वाटत होती. तिच्या अंगातला तो ताप तो अजून विसरला नव्हता.

"चिरूट देवाचो. तुमी फक्त पेटतो ठेवा."

सहदेवने देवाच्या वतीने झुरका घेतला. चिरूट दगडावर ठेवला की विझायला लागे, मग देवासाठी पुन्हा उचलावा लागे. तासाभराने तो दगडावर ठेवायचं विसरला. जानकी शेजारी बसून भिजवलेले वाल सोलत होती. सूर्य मावळतीकडे कलला तेव्हा चिरूट बोटभर उरला होता. इतकं सुख त्याला गिरणीच्या बोनसानेही दिलं नव्हतं.

"देवाक आवडलो?" जानकीने विचारलं.

"आवडलो," सहदेव गंभीरपणे म्हणाला.

दोघं परत आली तेव्हा जयवंत गॅलरीत उभा होता. "वैनी, सगळ्यात जास्त वेळ चालणारा आण म्हणालात, तसाच आणला. पुरला ना?"

"पुरलो," जानकी म्हणाली, आणि सोललेले वाल घेऊन आत गेली.