परवाची परीक्षा

आमच्या मुलीला घरात सगळे मौनी म्हणतात. ती बोलायलाच उशिरा लागली. बरोबरीची मुलं गोष्टी सांगायची तेव्हा ही बोटाने दाखवून काम भागवायची. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, जिभेला काही झालेलं नाही, बोलेल तेव्हा बोलेल. तिची आत्या म्हणायची, "वहिनी, पोर शब्द साठवून ठेवतेय. एक दिवस धरण फुटेल बघ." धरण काही फुटलं नाही. शाळेतून आली की मी विचारायची, "काय झालं गं आज?" उत्तर ठरलेलं, "काही नाही." कॉलेजातही तेच. नोकरी लागली, पहिला दिवस संपवून घरी आली, तेव्हाही तेच.

नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत. नळाचं, विहिरीचं, कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी बाटल्यांमधून येतं आणि त्यात काय विरघळलंय ते ही शोधून काढते. एकदा ती डबा विसरली म्हणून मी द्यायला गेले. काचेच्या दाराबाहेर उभी राहून पाहिलं. एक बाटली उजेडात धरून ती इतकी एकटक बघत होती की मला त्या बाटलीचा हेवा वाटला. आमच्याकडे कधी अशी बघितली नव्हती कार्टी.

तिला डॉक्टरेट करायची होती. माणसं गोळ्या-औषधं घेतात, त्यातलं शेवटी पाण्यात काय उरतं, हा तिचा विषय. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिचं काम पाहून जागा राखून ठेवली, फक्त त्या वर्षापुरती. अट एकच: प्रवेशपरीक्षेतल्या इंग्रजीच्या भागात विद्यापीठाने ठरवलेल्या गुणांच्या वर जायचं. गणितात तिला पैकीच्या पैकी. इंग्रजीत पहिल्या वेळी आपटली. घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "राहिलं थोडक्यात." आठवडाभर त्यापुढे एक शब्द नाही. नातेवाइकांचे फोन मात्र पुरून उरले. "झाली का परीक्षा? किती पडले? अगंबाई!" दुसऱ्या वेळी तारीख कोणालाच सांगायची नाही असं तिने तेव्हाच ठरवलं असावं. प्रवेशाची मुदत संपायच्या आत तेवढी एकच संधी होती.

संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून आली की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि मी भाजी चिरता चिरता शब्द विचारायची. माझं इंग्रजी बेताचं. इतिहासाची पदवी घेऊन घरात बसलेली बाई मी. पण शब्द लक्षात ठेवायची माझी एक रीत होती, मराठीला लोंबकळून. टॅसिटर्न म्हणजे अबोल. मी म्हटलं, "सोप्पं आहे. तासाला एक टर्न. तासातून एकदाच ज्याची बोलायची पाळी येते तो." ती फस्सकन हसली. ऑबड्युरेट म्हणजे हट्टी, तर ओबडधोबड, बाबांसारखा. नॉइसम म्हणजे गोंगाट करणारा असं कोणालाही वाटेल, पण अर्थ घाणेरड्या वासाचा. त्याचं मी केलं, "नाक सांभाळ."

"आई, नाल्याच्या बाटलीवर हेच लिहिणार उद्या," ती म्हणाली. मग त्या नाल्याची गोष्ट सांगितली, तिच्या साहेबांनी वास घेऊन दुपारचं जेवण कसं टाकलं ती. मी विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगितली. माझ्या हातातली सुरी तशीच थांबली.

असं रोज व्हायला लागलं. एका शब्दाला शेपूट फुटायचं आणि त्या शेपटाला धरून ती दिवसभराचं काहीबाही सांगायची. हे आत डोकावून म्हणायचे, "मायलेकी दोघीही बसताय का परीक्षेला?"

"तुम्ही बसा. हट्टीपणाचा पेपर आहे," मी म्हणायची.

शब्द जमले, उतारे जमेनात. उतारा वाचून लेखकाच्या मनात काय असेल ते ओळखायचं, हा प्रश्न आला की तिचं घोडं पेंड खायचं.

"लेखकाला कशाची काळजी वाटते, असं विचारलंय. त्याने कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही म्हणून तर विचारलंय."

"जे बाटलीत नाही ते मी अहवालात कसं लिहू?"

मग मी शेजारणीचा दाखला दिला. "त्या परवा काय म्हणाल्या? 'वेळ मिळाला तर या हो जेवायला.' म्हणजे काय?"

"म्हणजे वेळ मिळाला तर जायचं."

"म्हणजे येऊ नका! बोलवायचं असतं तर विचारलं असतं, किती वाजता येताय, तिखट चालतं का. बोलण्यात काय नाही ते बघायचं असतं, राणी."

तिने उताऱ्याच्या कडेला 'काय नाही?' असं लिहिलं. "आई, मग तू माझं 'काही नाही' इतकी वर्षं कसं वाचलंस?"

"दिवस कडू गेला असला की तुझ्या एका घासात कळायचं," मी म्हटलं आणि कढईकडे वळले. खरं तर मला कधीच नीट कळलं नव्हतं. मी अंदाज बांधायची आणि त्यावर काळजी करायची.

त्यानंतर उतारे सुधारले. मला मात्र चमत्कारिक वाटायला लागलं. ती पास व्हावी म्हणून मी देवाला हात जोडत होते आणि ती पास झाली की स्टूल रिकामं होणार हेही कळत होतं. एकाच तोंडाने दोन्ही मागणार कसं? मी फक्त शब्द विचारत राहिले.

मग तिच्या कार्यालयाने तिला प्रशिक्षणासाठी मोठ्या शहरात पाठवलं. परीक्षेचं केंद्रही तिथेच. संध्याकाळच्या फोनवर मी विचारलं, "परीक्षा कधीची गं?"

"परवाची."

"अगं बाई, परवाच! मग बोलत काय बसलीस? ठेव फोन, जेव, झोप लवकर."

"आई, अगं, तसं नाही—"

"ठेव म्हणते ना!" आणि मीच ठेवला.

पुढचे दोन दिवस मी घरात पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत होते. त्या संध्याकाळी फोन ठेवल्या-ठेवल्याच सुरुवात केली; वेळ मिळेल तसा एकेक शब्द फोनवर बोलून तिला पाठवायची. कॅप्रिशस, म्हणजे लहरी, कापराची वडी, आत्ता आहे, मग नाही. एनर्व्हेट ऐकून जोर येईल असं वाटतं, पण अर्थ अंगातलं बळ काढून घेणं. नर्व्हच गेली की उरलं काय? प्रत्येकाला तिचं उत्तर यायचं. कधी हसण्याचा आवाज, कधी तिने स्वतः केलेली जोडणी. लॅकोनिक म्हणजे मोजकं बोलणारा, "बोलका कोणी नाही." एकदा तर तिथल्या खानावळीतल्या बाईची नक्कल करून पाठवली. परीक्षा तोंडावर आणि हिला नकला सुचतात, याचं मला नवल वाटलं. मन हलकं आहे, चांगलंच आहे, असं म्हणून मी पुढचा शब्द पाठवला.

परीक्षेच्या दिवशी फोन करायचा नाही, असं ठरवून मी तो कपाटात ठेवला. भर दुपारी कपाटातून रिंग ऐकू आली. मौनी! या वेळेला तर ती आत असायला हवी.

"अगं तू बाहेर कशी? ओळखपत्र विसरलीस? आत घेतलं नाही का? बरं नाही का?"

"आई, थांब. श्वास घे."

"काय झालं ते आधी सांग!"

"परीक्षा परवाची होती. होती, आई. तू फोन ठेवलास त्याच्या दोन दिवस आधी झाली."

मला आधी कळेचना. उद्याचा दिवस सोडून मी पुढे गेले होते, आणि ती कालचा सोडून मागे. त्या एका शब्दात दोन्हीकडे वाट आहे, हे जन्मभर मराठी बोलून मला सुचलं नव्हतं.

"मग? गुण?"

"तिथल्या तिथे पडद्यावर दिसले. वर गेले आई. चांगले वर."

मी कपाटाचं दार लोटलं. "आणि मग दोन दिवस मला खुळ्यासारखी बडबडू दिलंस? एका शब्दाने सांगायचं नाही?"

ती गप्प झाली. ही गप्प झाली की मी लगेच अंदाज बांधायला लागते. या वेळी थांबले.

"सांगणारच होते," ती हळू म्हणाली. "त्या संध्याकाळी तू ठेवलास तेव्हा परत लावत होते. तेवढ्यात तुझा कॅप्रिशस आला. मग म्हटलं, झाली म्हणून सांगितलं की तू शब्द पाठवायची थांबशील."

रडले असते तर तिला कळलं असतं. "जेवलीस का?" मी विचारलं.

"जेवले. आई, तो हॉल कसा होता सांगू का? प्रश्न सांगायचे नाहीत, तशी सही घेतलीय. पण बाकीचं सांगते."

"सांग."

आणि ती सांगायला लागली. खिसे उलटे करून दाखवावे लागले. चष्मासुद्धा काढून तपासला. बाजूला एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते, तिच्या बाबांच्या वयाचे, आणि तोंडातल्या तोंडात शब्द पुटपुटत होते. "मला वाटलं, यांचीही आई असेल घरी भाजी चिरत," ती म्हणाली आणि हसली.

हे लिहितेय तेव्हा घर झोपलंय आणि तिच्याकडे दुपार उतरत असेल. ती जाऊनही आता बरेच दिवस झाले. तिकडून फोन येतात, पण घाईचे, कुठे तरी पोचायच्या आधीचे. तिला तिथे बाटल्या मिळाल्या, नवे लोक मिळाले, आता ती माझ्याशिवायही बोलते असं ऐकते. मला हवं होतं तेच झालं. तरी माझा जीव त्या दुपारीच घुटमळतो. बोलता बोलता माझा फोन बंद पडायला आला. चार्जरची वायर आखूड आणि प्लग भिंतीत खाली, त्यामुळे खुर्चीपर्यंत पोचेना. मी तिला एवढंच म्हटलं, "थांबू नकोस, बोल." आणि फोन कानाला लावून भिंतीपाशी उकिडवी बसून राहिले. पायांना मुंग्या आल्या तरी उठले नाही.