ती उतरली, मी पुढे गेले

मैत्रीण आणि मी युरोपला निघालो तेव्हा एवढंच पक्कं होतं, की फ्रँकफर्टला उतरायचं आणि चोवीस दिवसांनी तिथूनच परतीचं विमान पकडायचं. मधले सगळे दिवस मोकळे. रेल्वेचा पास दोघींच्या मोबाइलमध्ये होता. समोर येईल त्या गाडीत बसायचं. कल्पना माझी. नाशिकचे नातेवाईक म्हणाले, "पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, कुठे राहणार ते तरी ठरवा." मी काही ठरवलं नाही.

मला तेव्हा घरात बसवत नव्हतं. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी तिचं करत होते. सहाला औषध, आठला पेज, दर दोन तासांनी कूस बदलायची. आई गेली आणि मला एका जागी बसताच येईना. सकाळी इंदिरानगरातून निघायचं, चालत चालत पार गंगापूर रोड गाठायचा, तिथे काहीच काम नाही म्हणून परत यायचं. ताटावर बसले तरी दोन घासांत उठायची.

मैत्रीण शाळेपासूनची. लग्न होऊन लासलगावला गेली आणि सासऱ्यांच्या मागे कांद्याचा व्यापार तिनंच हातात घेतला. मार्केटात लिलावाला पुरुषांच्या घोळक्यात उभी राहते, एकेका ट्रॉलीतला कांदा उचलून बघते, बोली लावते. मी गंगापूर रोडच्या फेऱ्या सांगितल्यावर ती म्हणाली, "चालायचंच आहे ना तुला? मग लांब जाऊ. एकटीला नाय सोडणार मी."

पहिले दहा दिवस मी तिला नुसती पळवली. म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, तिथून खाली लुब्लियाना, मग परत वर झुरिक. स्टेशनात उतरलं की माझी नजर आधी सुटणाऱ्या गाड्यांच्या फलकावर. तिला तळ्याकाठी बसायचं असायचं. मी म्हणायचे, वीस मिनिटांनी एक गाडी आहे. झुरिकला तिनं हौसेनं दोन कॉफ्या घेतल्या, मी माझी अर्धी टाकून उठले. तिचा धुतलेला पंजाबी ड्रेस वाळायला वेळच मिळेना. पिशवीत बांधलेला तो तीन देश ओलाच फिरला. तिचे पाय सुजले. ती समोरच्या सीटवर पाय ठेवायची आणि तपासनीस दिसला की पटकन खाली घ्यायची.

अकराव्या दिवशी आम्ही बेल्जियमहून हॉलंडमध्ये शिरलो. रोझेंडाल नावाच्या स्टेशनात गाडी बदलायची होती. कुठली घ्यायची ते मी ठरवलं नव्हतं. फलाटावर पश्चिमेकडे जाणारी एक उभी होती, तीत चढलो. मैत्रीण काचेला डोकं टेकून झोपली. बाहेर सपाट शेतं, वर मोठं आभाळ. तिच्या मोबाइलचं नेट घेऊन मी माझ्यावर पुढच्या गाड्या शोधत होते.

अचानक ती ताडकन उठली. "अगं, कांदा!"

काढलेला कांदा ओळीनं वाळत पडला होता, नजर जाईल तिथपर्यंत. पलीकडे एका मोठ्या शेडसमोर ट्रॅक्टर. ती काचेला नाक लावून बघत होती, तिला तसं मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

"पुढच्या स्टेशनला उतरायचं," ती म्हणाली.

"इथे? इथे काय आहे?"

"कांदा हाय ना."

"तो तू रोज बघतेस. ही गाडी समुद्रापर्यंत जाते, ते तरी बघू."

"आणि समुद्र बघून? लगेच दुसरी गाडी?" ती बॅग काढायला लागली. "दहा दिवसांत मी एका माणसाशी धड बोलले नाय. एक गाव नीट पाहिलं नाय. तुला कुठं पोचायचंच नाय. लय झालं."

"मग आलीस कशाला?"

"तुझ्यासाठी आले. तुझी आई गेली म्हणून आले. पण माझे पाय बघ जरा."

मी पाय बघितले नाहीत. मी म्हटलं, "जा मग." गाडी थांबली. तिला वाटत असावं, मी उठेन. मलाही वाटत होतं. दार बंद झालं तेव्हा ती फलाटावर होती आणि मी आत, मांडीवर पर्स घट्ट धरून.

पुढची पंचवीस मिनिटं मी उभीच होते. रिकाम्या डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. व्लिसिंगेनला रूळ संपले. समोर धक्का, त्यापलीकडे करडं पाणी, अगदी जवळून सरकणारी मालवाहू जहाजं. वारा इतका, की डोळे उघडे ठेवता येईनात. पाच मिनिटांत माझं बघून झालं. तिला फोन करायला हात गेला आणि आठवलं, तिथलं सिमकार्ड एकच होतं, तिच्या मोबाइलमध्ये. सहा वर्षं मी एका माणसाला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नव्हतं, आणि आज भाषा न येणाऱ्या मुलखात मैत्रिणीला एकटीला सोडून आले होते.

परतीची गाडी मिळाली. त्या छोट्या स्टेशनवर उतरले तर फलाटावर कोणी नाही. रुळांच्या कडेच्या रस्त्यानं मी त्या शेडच्या दिशेनं जवळजवळ धावतच निघाले. वाटेत सायकलवरच्या एका बाईला हातवाऱ्यांनी विचारलं. तिनं माझ्या कुर्त्याकडे बघितलं, हसली आणि समोर बोट दाखवलं.

शेडमध्ये ती एका उलट्या क्रेटवर बसली होती. पायात चपला नव्हत्या. समोर सत्तरीचा उंच शेतकरी आणि त्याची बायको. ती कांद्याची मान अंगठ्यानं दाबून दाखवत होती, तो मान हलवत होता. "धिस गुड. धिस, नो. टू वीक, फिनिश," मऊ मानेचा कांदा टिकत नाही, असं ती ठणकावून सांगत होती. म्हाताऱ्यानं तो कांदा स्वतः दाबून बघितला आणि बाजूला टाकला.

मला पाहून ती म्हणाली, "आलीस? बस."

मला रडू फुटलं. शेतकऱ्याच्या बायकोला वाटलं, कांद्यामुळे. तिनं ओला रुमाल आणून दिला.

जवळच एका घरात माडीवरची खोली मिळाली. ड्रेस दोरीवर वाळला. ती रोज सकाळी शेडमध्ये जाऊन सरकत्या पट्ट्यावरून येणारा कांदा निवडू लागली, कोणी बोलावलं नव्हतं तरी. मी समुद्राच्या बांधावरून चालत राहायचे. मला वाटलं होतं, आता मीही थांबेन. थांबता आलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना माझा पाय हलायला लागला आणि तिनं तो टेबलाखाली बघितला.

"जायचंय ना तुला?"

"हो."

"मग जा. पण या वेळी सांगून जा. रोज संध्याकाळी फोन करायचा." सकाळी तिनं मला वेगळं सिमकार्ड घेऊन दिलं आणि स्टेशनपर्यंत सोडायला आली.

मी नऊ दिवस एकटी फिरले. हॅम्बुर्ग, कोपनहेगन, स्वीडनमधली दोन गावं. रोज संध्याकाळी फोनवर सांगायचे, आज काय पाहिलं. गंमत अशी, की तिला सांगायचं म्हणून मी नीट बघायला लागले. पण चालणं थांबलं नाही, झोपही फारशी आली नाही. फ्रँकफर्टला ती मला विमानतळावर भेटली. पायांची सूज पूर्ण उतरलेली, हातांच्या तळव्यांवर कांद्याच्या सालीचा रंग.

परवा तिचा लासलगावहून फोन आला. पुढच्या हंगामात त्या शेतकऱ्यानं तिला पुन्हा बोलावलंय.

"तू येतेस ना?"

"रोझेंडालपर्यंत येते," मी म्हटलं. "तिथून उत्तरेला कुठली गाडी जाते, बघते."

"बघ बघ," ती म्हणाली. मागे ट्रॅक्टरचे आवाज येत होते. तिनं घाईत फोन ठेवला.